थंड प्रदेशातली परसबाग : भाजीची रोपे घरात कधी आणि कशी करावीत?

अंगणवेल (शिकागोचे उपनगर)

शिकागोच्या आसपास राहणाऱ्या अनेक मराठी घरांत वांगी, मिरची आणि टोमॅटो यांचे बी फेब्रुवारी लागताच मातीत पडते. बाहेर बर्फ असताना घरात काहीतरी हिरवे असावे ही ओढ मला पूर्णपणे समजते. परंतु याच घाईमुळे मे महिन्यात बाहेर लावायच्या वेळी रोपे हातभर वाढलेली, पिवळट आणि कुंडीत मुळांचे वेटोळे झालेली असतात. म्हणून हा धागा मुख्यतः दोन गोष्टींसाठी काढत आहे : पेरणीची तारीख कशी ठरवावी, आणि रुजलेल्या रोपाला उजेड किती द्यावा. माती, खत, ट्रे यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण माझ्या मते बहुतेक रोपे या दोन बाबींतच बिघडतात.

तारीख मागे मोजत यावी लागते. आपल्याकडे उपनगरांत साधारणपणे मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत फ्रॉस्टची, म्हणजे कोवळी रोपे मरतील अशा गोठवणाऱ्या थंडीची, शक्यता असते. मिशिगन तलावाच्या काठाला ती थोडी लवकर संपते. मात्र वांगी आणि मिरचीच्या बाबतीत केवळ फ्रॉस्ट टळणे पुरेसे नसते. ही उष्ण प्रदेशातली पिके आहेत, आणि रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या (५० फॅरनहाइट) आसपास असेल तर रोप मरत नाही, पण जागीच थिजते आणि पुढे कित्येक दिवस वाढत नाही. रात्री १३ अंशांच्या (५५ फॅरनहाइट) वर स्थिरावल्यावर, म्हणजे साधारण २० ते २५ मेच्या सुमारास लावलेले रोप हे महिन्याच्या सुरुवातीला लावलेल्या रोपाला सहज गाठते. तेव्हा मी २५ मे ही तारीख धरते आणि तिथून मागे मोजते. मिरची आणि वांग्याला आठ ते दहा आठवडे, म्हणजे मार्चचा दुसरा पंधरवडा. टोमॅटोला सहा आठवडे, म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. काकडी, दुधी, दोडका यांना तीन आठवडे, म्हणजे मेचे पहिले काही दिवस. अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशातला आपला झोन (थंडीचा विभाग) पाहून तारीख ठरवणारे पुष्कळजण आहेत, परंतु तो नकाशा हिवाळ्यातल्या किमान तापमानावर बेतलेला असतो. बहुवर्षायू झाड थंडीत तगेल की नाही हे त्यावरून कळते. टोमॅटो बाहेर केव्हा लावावा याचे उत्तर त्यात नसते.

बी रुजताना उष्णता लागते, रुजल्यावर उजेड लागतो, आणि या दोन अवस्थांची गल्लत झाली की रोप बिघडते. मिरचीचे बी १५ अंशांच्या मातीत रुजायला तीन आठवड्यांहून अधिक वेळ घेते आणि तोवर त्यातले बरेच बी कुजून जाते. तेच बी २५ ते ३० अंशांत आठवडाभरात वर येते. हिवाळ्यात घरातली हवा २० अंश असली तरी बेसमेंटमधल्या ओल्या ट्रेमधली माती त्याहून थंडच असते. यासाठी ट्रेखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) वापरावी, किंवा फ्रिजच्या वर जिथे थोडी ऊब असते तिथे ट्रे झाकून ठेवावा. उजेडाची या टप्प्यावर गरज नसते.

पहिला कोंब मातीबाहेर दिसला की हे सारे उलटे करावे लागते. झाकण त्याच दिवशी काढावे, मॅट बंद करावी, आणि ट्रे दिव्याखाली न्यावा. ऊब भरपूर आणि उजेड कमी अशा स्थितीत कोंब उजेडाच्या शोधात ताणला जातो. दोन दिवसांत दोन इंच वाढलेले, दोऱ्यासारखे रोप पुढे कधी धड उभे राहत नाही. साधे चार फुटी एलईडी शॉप लाइट, ५००० ते ६५०० केल्विनचे (म्हणजे पांढऱ्या प्रकाशाचे), या कामाला पुरेसे आहेत. जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवे लागत नाहीत. दिवा रोपांच्या शेंड्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर ठेवावा, रोप वाढेल तसा साखळीने वर घ्यावा, आणि टायमर लावून रोज १४ ते १६ तास चालू ठेवावा. ४० वॅटचा दिवा रोज १६ तास चालला तर आठ आठवड्यांत सुमारे ३६ युनिट वीज लागते, तेव्हा खर्चाची चिंता करण्याचे कारण नाही. दिव्याखाली दिवसा १८ ते २१ अंश आणि रात्री त्याहून दोन-तीन अंश कमी असे तापमान असले की टोमॅटोचे रोप बुटके, जाड देठाचे आणि गर्द पानांचे होते. वांगी-मिरचीला याहून थोडी ऊब मानवते.

आपापल्या ठिकाणच्या तारखा आणि अनुभव अवश्य लिहावेत.

दक्षिणेची खिडकी (न्यू जर्सी)

अतिशय उपयुक्त धागा. माझे दोन प्रश्न आहेत. आमच्या घराला दक्षिणेकडे मोठी खिडकी आहे आणि तिच्यात दिवसभर ऊन येते. तरीही गेल्या वर्षी टोमॅटोची रोपे काचेकडे झुकत लांबत गेली. ऊन असताना असे का व्हावे? दुसरे असे की आईने गावाकडून दिलेले भरिताच्या वांग्याचे बी माझ्याकडे दोन-तीन वर्षे पडून आहे. ते उगवेल का, हे पेरण्याआधी कसे ओळखावे?

मातीकाम (नारायणगाव)

आमच्या जुन्नर तालुक्यात टोमॅटो हे मोठे पीक आहे आणि इथल्या रोपवाटिकांत वर्षभर ट्रे भरले जातात. हवामान तुमच्यापेक्षा अगदी निराळे असले तरी आपण वर सांगितलेली उष्णता आणि उजेड यांची अदलाबदल इथेही तशीच केली जाते, म्हणून इथली पद्धत लिहितो.

आम्ही ९८ कप्प्यांचे प्रो ट्रे (रोपांचे प्लॅस्टिकचे ट्रे) ओल्या कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाने, भरतो, प्रत्येक कप्प्यात बोटाने अर्धा सेंटिमीटर खळगा करून एक बी टाकतो, वरून कोकोपीट पसरतो आणि पाणी देतो. त्यानंतर ट्रे एकावर एक रचून ती चळत प्लॅस्टिकच्या कागदाने पूर्ण गुंडाळली जाते. आत ऊब आणि ओल टिकते आणि सगळे बी एकदम फुगते. टोमॅटोला तीन-चार दिवस, मिरचीला पाच ते सात दिवस लागतात. या दिवसांत रोपवाटिकेतला अनुभवी माणूस सकाळ-संध्याकाळ कागद उचलून मधल्या ट्रेमध्ये पाहतो, कारण कोंबाची पांढरी कमान दिसू लागली की चळत तासाभरात मोडावी लागते. एक रात्र जरी उशीर झाला तरी त्या ट्रेमधली रोपे उंच आणि पांढुरकी होतात आणि शेतकरी ती घेत नाही. ट्रे पसरून शेडनेटमध्ये (सावलीच्या जाळीखाली) ठेवले की त्यांना भरपूर पण न भाजणारा उजेड मिळतो.

इथे टोमॅटोचे रोप २१ ते २५ दिवसांत, वांग्याचे महिनाभरात आणि मिरचीचे ३५ ते ४० दिवसांत लागवडीला तयार होते. तुमच्याकडे सहा, आठ, दहा आठवडे सांगतात, त्यात बराच काळ थंड माती आणि अपुरा उजेड यांमुळे वाया जात असावा असे वाटते. हीट मॅट आणि चांगला दिवा असेल तर टोमॅटोला पाच आठवडेही पुरे व्हावेत. कोवळे, चार-पाच पानांचे रोप जमीन लवकर धरते. कळी आलेले रोप ट्रेमधून शेतात गेले तर ते अडून बसते, हे आमच्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

कोकोपीटविषयी एक सूचना : त्यात क्षार असू शकतात, म्हणून कोकोपीटची दाबलेली वीट भिजवल्यावर ते एक-दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन पिळून घ्यावे. त्यात अन्नद्रव्ये जवळजवळ नसतात, त्यामुळे चाळलेले गांडूळखत चौथ्या हिश्श्याने मिसळावे किंवा बीजदलांनंतरची (बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) पहिली खरी पाने आल्यावर अगदी सौम्य विद्राव्य खत द्यावे. अंगणातली माती मात्र ट्रेमध्ये भरू नये. लहान कप्प्यात ती घट्ट बसते, पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळत नाही.

बी उगवेल का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. दहा बिया ओल्या कागदी रुमालात गुंडाळून झाकणाच्या डब्यात उबेला ठेवाव्यात. सात-आठ रुजल्या तर बी चांगले; चार-पाच रुजल्या तर प्रत्येक कप्प्यात दोन बिया टाकाव्यात. वांगी आणि टोमॅटो यांचे बी कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षे टिकते. मिरचीचे त्याहून कमी, आणि कांद्याचे तर वर्षभरानंतर भरवशाचे राहत नाही.

अंगणवेल

मातीकाम, आपला प्रतिसाद फार मोलाचा आहे. टोमॅटोला पाच आठवडे हे मला पटते, आणि दिवा चांगला असेल त्यांनी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पेरायला हरकत नाही.

दक्षिणेची खिडकी, आपल्या डोळ्यांना खोलीतला उजेड भरपूर वाटतो, कारण डोळे अंधाराशी लगेच जुळवून घेतात. उन्हाळ्यातल्या दुपारी मोकळ्या आकाशाखाली सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो. मार्चमध्ये सूर्य कललेला असतो, कितीतरी दिवस ढगाळ जातात, आणि काचेच्या आत, खिडकीपासून हातभर अंतरावर, हा आकडा काही हजारांवर येतो. शिवाय तो उजेड एकाच बाजूने येतो. खिडकीखालच्या रेडिएटरची किंवा हीटरच्या झरोक्याची ऊब यात भर घालते आणि रोप ताणले जाते. दिवा शक्य नसेल तर पेरणी आणखी दोन आठवडे पुढे ढकलावी, रोपांमागे पांढरा पुठ्ठा उभा करावा, आणि ट्रे रोज फिरवावा. एप्रिलच्या अखेरीस उबदार दुपार मिळाली की रोपे थोडा वेळ बाहेर सावलीत ठेवावीत. लांबलेला टोमॅटो वाचवता येतो, कारण त्याच्या खोडाला मातीत नवी मुळे फुटतात. मोठ्या कुंडीत लावताना बीजदलांपर्यंत, हवे तर त्याहून वर, खोड पुरावे. वांगी-मिरचीला खोडापासून अशी सहज मुळे फुटत नाहीत, त्यामुळे ती होती त्याच खोलीवर लावावीत.

गावाकडून आणलेल्या बियाण्यासंबंधी एक गोष्ट सर्वांनीच ध्यानात घ्यावी. भारतातून अमेरिकेत पेरणीसाठी बी आणायचे तर साधारणपणे भारतातील अधिकृत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. घरगुती प्रमाणात आणणाऱ्यांसाठी अमेरिकी कृषी खात्याचा लहान बीजसंचांचा परवाना आहे. त्यात एका जातीच्या पाकिटात जास्तीत जास्त ५० बिया किंवा १० ग्रॅम, आणि पाकिटावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, अशा अटी असतात. सर्वच पिके त्या परवान्यात बसत नाहीत, म्हणून यादी आधी पाहावी. बॅगेत न सांगता आणलेले बी विमानतळावर जप्त होते, आणि बियाण्यावाटे येणारे विषाणू इथल्या शेतीचे खरोखर मोठे नुकसान करू शकतात, तेव्हा हा नियम मला योग्य वाटतो. लांब हिरवी, गोल जांभळी, पांढरी अशी भारतीय वांगी आता इथल्या बियाणे विक्रेत्यांकडेही मिळतात, आणि एकदा चांगले फळ आले की त्याचे बी आपणच धरून मित्रमंडळींत वाटता येते. फक्त ते वाण संकरित नसावे.

बर्फाळ वाफा (मिनेसोटा)

आमच्याकडे मोसम आपल्यापेक्षाही आखूड आहे आणि इथले जुने बागकाम करणारे मेच्या शेवटच्या सोमवारपर्यंत वांगी-मिरची बाहेर लावत नाहीत. मला वेलभाज्या आणि भेंडी यांविषयी लिहायचे आहे, कारण या भाज्यांना मुळे हललेली चालत नाहीत.

दुधी, दोडका, कारले, काकडी यांची रोपे ट्रेमधून उपटून लावली तर ती आठवडाभर मान टाकतात. यांच्यासाठी वर्तमानपत्राची किंवा पुठ्ठ्याच्या नळीची कुंडी करावी आणि कुंडीसकट जमिनीत लावावे. कागदाची कड मातीबाहेर राहू देऊ नये, नाहीतर ती वातीप्रमाणे मुळांजवळची ओल शोषून वर उडवून टाकते. कारल्याचे आणि दोडक्याचे कवच टणक असते. बीच्या कडेला नेलकटरने अगदी बारीक चीर द्यावी, आतल्या गराला धक्का लागू देऊ नये, आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या कापडात उबेला ठेवावे. मोड दिसल्यावरच ते मातीत टोचावे. २७ ते ३० अंशांची ऊब मिळाली नाही तर कारले रुजायला फार रेंगाळते.

भेंडीला सोटमूळ असते, त्यामुळे घरात केलीच तर तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये. जूनच्या सुरुवातीला माती १८-२० अंशांवर गेल्यावर रात्रभर भिजवलेले बी थेट वाफ्यात टोकले तरी ती चांगली येते, आणि मला तीच पद्धत अधिक आवडते. गवार, चवळी, मेथी, कोथिंबीर, मुळा यांची रोपे घरात करण्यात अर्थ नाही. मेथी, पालक आणि कोथिंबीर यांना थंडी मानवते, त्यामुळे एप्रिलमध्ये माती हाताळता येऊ लागली की ती थेट पेरावीत.

वाल आणि पावट्याविषयी मात्र दरवर्षी निराशेचे अनुभव ऐकू येतात. आपल्याकडचे पारंपरिक वाल दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलावर येतात. उत्तरेकडे जून-जुलैचा दिवस पंधरा तासांहून मोठा असतो, म्हणून वेल मांडवभर पसरतो, पण फूल सप्टेंबरमध्ये येते आणि शेंगा भरण्याआधीच फ्रॉस्ट पडतो. घरात कितीही लवकर रोप केले तरी यात फरक पडत नाही. ज्यांना वालाच्या शेंगा हव्यात त्यांनी दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेले, लवकर येणारे झुडुपी वाण मिळवावे.

दक्षिणेची खिडकी

सर्वांचे मनापासून आभार. आणखी एक अडचण सांगते. मिरचीची रोपे छान रुजतात, बीजदले उघडतात, आणि एके सकाळी मातीलगत देठ पिचल्यासारखा होऊन चार-पाच रोपे आडवी पडलेली दिसतात. पाणी तर मी नियमित देते.

मातीकाम

याला आमच्याकडे रोपांची मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी ओल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत वाढतात आणि देठ मातीच्या पातळीवर कुजवतात. आडवे पडलेले रोप वाचत नाही. ते कप्प्यातल्या मातीसकट लगेच काढावे आणि बाकीचे वाचवायचे पाहावे. नियमित पाणी हेच बहुधा कारण असावे. रोज ठरल्या वेळी पाणी न देता ट्रे उचलून पाहावा. हलका लागला तरच खालच्या थाळीत पाणी ओतावे, कप्प्यांनी ते तळातून शोषून घेतले की अर्ध्या तासाने उरलेले पाणी फेकून द्यावे. वरची माती कोरडी राहिली पाहिजे. झाकण काढलेले असावे, आणि एक छोटा पंखा रोपे जेमतेम हलतील इतक्या वेगाने चालू ठेवावा. त्याने पृष्ठभाग वाळतो आणि हलण्यामुळे देठही जाड होतो. जुने ट्रे एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांच्या मिश्रणात बुडवून धुऊन घ्यावेत. आम्ही कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळतो, आणि ती चांगली सवय आहे, पण ओल आवरली नाही तर तिचा उपयोग होत नाही. मातीवर घोंगावणारी बारीक काळी चिलटे दिसत असतील तर तीही जास्त ओलीचीच खूण आहे.

टेम्सकाठ (लंडन)

आमच्याकडे फ्रॉस्ट आपल्यापेक्षा लवकर संपतो, परंतु उन्हाळाच सौम्य असतो, त्यामुळे वांगी काचघराशिवाय क्वचितच भरतात. मिरचीपुरता एक पर्याय सुचवतो. मिरची हे बहुवर्षायू झुडूप आहे. ऑक्टोबरमध्ये पहिल्या थंडीआधी चांगले झाड कुंडीत उचलावे, फांद्या छाटून वीतभर ठेवाव्यात, पाने काढून टाकावीत आणि १० ते १५ अंशांच्या खोलीत खिडकीशी ठेवून महिन्यातून दोन-तीनदाच पाणी द्यावे. मार्चमध्ये त्याला नवे फुटवे येतात आणि बियांपासून केलेल्या रोपाच्या कितीतरी आधी मिरच्या लागतात. घरात आणण्यापूर्वी पानांच्या खालच्या बाजू, विशेषतः शेंड्यांजवळ, मावा आहे का ते नीट पाहून साबणाच्या पाण्याने धुवावे. हिवाळ्यात घरात मावा झाला तर नव्या रोपांवरही तो जातो.

अंगणवेल

हा उपाय मी येत्या ऑक्टोबरात नक्की करून पाहीन. आता बाहेर नेण्याविषयी लिहिते, कारण अगदी निरोगी रोपेही याच टप्प्यावर गमावली जातात.

दिव्याखाली वाढलेल्या पानाने खरे ऊन, वारा आणि रात्रीचा गारवा यांपैकी काहीही अनुभवलेले नसते. ते थेट उन्हात ठेवले तर एका दुपारी पानांवर पांढरे, कागदासारखे डाग पडतात आणि ते भाग पुन्हा हिरवे होत नाहीत. म्हणून लागवडीआधी आठ-दहा दिवस रोपे कणखर करावी लागतात. पहिल्या दिवशी वारा नसलेल्या सावलीत दोन तास ठेवावीत. मग रोज वेळ वाढवत सकाळचे कोवळे ऊन द्यावे, पुढे दुपारचे, आणि शेवटचे दोन दिवस रात्रभर बाहेर ठेवावीत. रात्री १० अंशांखाली उतरणार असेल तर वांगी-मिरची आत घ्यावीत. या काळात खत देऊ नये आणि पाणी थोडे कमी करावे, मात्र पाने मान टाकतील इतके नव्हे. नोकरी करणाऱ्यांनी शनिवारी सुरुवात करावी, म्हणजे पहिले दोन नाजूक दिवस लक्ष देता येते; नंतर घराच्या उत्तरेला किंवा झाडाखाली ट्रे ठेवून कामावर गेले तरी चालते.

लागवड ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी करावी. ट्रेला तासभर आधी पाणी द्यावे, रोप देठाला न धरता कप्पा खालून दाबून मुळांच्या गोळ्यासह काढावे, आणि लावल्यावर बुडाशी भरपूर पाणी घालावे. मेमध्ये कटवर्म नावाच्या अळ्या रात्री देठ मातीलगत कापतात. पुठ्ठ्याची दोन इंच उंचीची कडी देठाभोवती मातीत अर्धी रुतवून ठेवली की त्या पोहोचत नाहीत. मिरचीला लावण्याआधीच कळ्या आल्या असतील तर त्या खुडून टाकाव्यात. पहिले दोन आठवडे झाड मुळे धरण्यात गुंतलेले असते, आणि त्या काळात त्याला फळ पोसायला लावले तर पुढे सबंध हंगाम ते खुरटे राहते.